बाभळीच्या काट्यावर वाजलेली रेकॉर्ड

अमरावतीच्या साप्ताहिकात आमच्या रेकॉर्डचं परीक्षण छापून आलं, त्या दिवशी अकोला स्टेशनवरच्या स्टॉलवर त्या अंकाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या प्रती मी उचलल्या. स्टॉलवाला खूश झाला. त्याला वाटलं, माझं कौतुक छापून आलंय. मी प्रती उचलल्या त्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडू नयेत म्हणून. गठ्ठा काखेत मारून दुकानात आलो आणि बाकाखाली ढकलून दिला. तो गठ्ठा पुढे कितीतरी वर्षं मला पुरला, पण ते नंतर.

माझं दुकान म्हणजे लाऊडस्पीकर भाड्याने देणं आणि रेडिओ दुरुस्ती. त्याआधी सहा हंगाम मी जिनिंग फॅक्टरीत तेलवाला होतो. हातात तेलाची झारी घेऊन फिरत्या शाफ्टखाली वाकत होतो. कुणी मला हात धरून वर आणलेलं नाही. माझा पहिला भोंगा मी एका नाटक कंपनीकडून घासाघीस करून घेतला आणि त्या मालकाने शेवटी हात जोडून, घे बाबा, पण जा, म्हटलं होतं. तेव्हापासून माझा एक समज झाला की समोरचा हात जोडेपर्यंत आपण उठायचं नाही. हा समज पुष्कळदा खरा ठरला. एकदा ठरला नाही. त्या एकदाची ही हकिकत.

जिनिंगमध्ये राबलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. छताशी एक लांब शाफ्ट फिरतो आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका जिनवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रावर, येतात. पट्टा गोल शिवलेला नसतो, त्याची दोन टोकं लोखंडी दातांनी सांधलेली असतात. तो सांधा पुलीवरून जाताना दर फेऱ्याला एकदा ठाप वाजते. कपाशी ओली असली तर ठाप जड, कोरडी असली तर हलकी. खाली रूळ आणि पाती एकमेकांना घासतात, त्याचा सूर वेगळा. सगळ्या जिन चालू असल्या की बाहेरच्या माणसाला गोंगाट ऐकू येतो. आमच्या फिटरमामांना ऐकू यायचं की सातव्या जिनचा पट्टा ढिला झालाय. ते डोळे मिटून सांगायचे.

फिटरमामा हा आमच्या बँडचा पहिला माणूस. दुसरा मी. मी जुन्या अँप्लिफायरमधून माईकची शिट्टी काढायचो. लग्नमंडपात ती वाजली की लोक कान झाकतात. पण माईक भोंग्याजवळ न्यायचा, पुन्हा मागे घ्यायचा, मध्ये तळहात धरायचा, असं केलं की शिट्टी वर चढते, खाली येते. सहा महिने सराव केला तेव्हा ती माझ्या ताब्यात आली.

तिसरा आमचा क्लॅरिओनेटवाला. खरं संगीत त्याच्याकडेच होतं, आम्ही दोघं भोवतीचे. त्याचे वडील नांदगाव खंडेश्वराकडच्या एका गावात सगळ्यांच्या लग्नांत वाजवायचे आणि मंडपाबाहेर बसून जेवायचे. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला आणि वडिलांनी सांगून टाकलं की आजपासून या घरातलं कुणी कुणाच्या दारात वाजवणार नाही. पोराने क्लॅरिओनेट पिशवीत घातलं आणि अकोल्याला येऊन जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधू लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने ते बाहेर काढलं आणि एकट्या चालू असलेल्या पट्ट्याच्या ठापेवर फुंकायला लागला. फिटरमामांनी भाकरी खाली ठेवली. मी निरोप आला म्हणून धावत गेलो.

"काहून बे, बापाची शपथ मोडून राहिला का?" मी विचारलं.

"दारात नाई वाजवत म्हणलं होतं भाऊ. हे कोणाचं दार हाय? हा पट्टा मले बाजूले उभा राय म्हणत नाई."

मी खाली बसलो आणि त्याला पुन्हा वाजवायला सांगितलं.

रेकॉर्ड कशी झाली ते सांगतो. लग्नसराईच्या तोंडावर मुंबईच्या कंपनीचा विक्रीचा माणूस अकोल्याला आला. जिल्ह्यातले लाऊडस्पीकरवाले काय वाजवतात त्यावर त्यांच्या मालाची चाल ठरते, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी त्याला फॅक्टरीत नेलं, ऐकवलं. त्याने रुमालाने कान पुसले. म्हणाला, एक बाजू देतो, दुसऱ्या बाजूवर आमच्याकडे पडून असलेलं एक विनोदी गाणं टाकू. मी म्हटलं, दोन्ही बाजू. तो हसला. मी त्याच्याबरोबर लॉजवर गेलो, लॉजवरून स्टेशनवर गेलो, त्याची ट्रंक मी स्वतः डब्यात चढवली आणि दारात उभा राहिलो. गाडीने शिट्टी दिली तरी मी उतरलो नाही. "अहो, उतरा!" म्हणाला. "दोन्ही बाजू," मी म्हटलं. शेवटी त्याने हात जोडले. चालत्या गाडीतून मी उडी मारली ती दोन्ही बाजू घेऊनच.

मुंबईला आम्ही एक मोटर, फळीवर ठोकलेल्या दोन पुल्या आणि तोकडा पट्टा घेऊन गेलो. तिथला रेकॉर्डिंग करणारा साहेब सारखा म्हणत होता, मोटर बंद करा, आवाज येतोय. फिटरमामा म्हणाले, "साहेब, तोच तं भरायले आणला ना अकोल्याहून." पहिल्या बाजूवर आम्ही कारखाना सुरू होतो तसं केलं, दुसऱ्या बाजूवर मोटर बंद करायची, पट्टा मंद मंद होत जायचा, ठापा लांब लांब पडत जायच्या आणि त्यांच्याबरोबर क्लॅरिओनेटही लांबत जाऊन शेवटच्या ठापेवर थांबायचं. ही दुसरी बाजू कशी जमली ते मी माझ्या तोंडाने सांगत नाही. ती खरंच थांबली का म्हणून साहेबाने नंतर मोटरवर हात ठेवून पाहिला, एवढं सांगतो.

निघताना विक्रीचा माणूस म्हणाला, ही खपली आणि पेपरात चार बरे शब्द आले तर पावसाळ्यानंतर दुसरी काढू. त्या दुसरीची पूर्ण एक बाजू क्लॅरिओनेटवाल्याची एकट्याची असणार होती. त्याच्याजवळ एक चाल होती, स्वतःची, वडिलांच्या वाजवण्यातून काढलेली पण त्यांच्यासारखी नसलेली. ती त्याने आम्हाला एकदाच ऐकवली होती. याच सुमारास त्याला बडनेऱ्याला रेल्वेत खलाशाची नोकरी लागल्याचा कागद आला. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं. दुसरी रेकॉर्ड ठरली तर तो अकोल्यातच राहणार होता. नाहीतर बडनेरा.

आता पेपरात लिहिणार कोण? उभ्या वऱ्हाडात रेकॉर्डवर लिहिणारा माणूस एकच, अमरावतीचे एक वकील. त्यांचा स्तंभ वाचून दुकानदार माल मागवायचे, आणि ज्यांना सूर म्हणजे काय ते कळत नाही अशी माणसं तो वाचून जेवणानंतर सुराबद्दल बोलायची. मी पहिली रेकॉर्ड त्यांच्याकडे पोस्टाने पाठवली, भुशात बांधून, आणि वाट पाहू लागलो.

तोवर अकोल्यात मी ती दुकानाच्या भोंग्यावर लावत होतो. समोरचा हलवाई दुसऱ्या दिवशी आला. "भाऊ, गिऱ्हाईक जिलबी तोंडात धरून पळून राहिलं. कमी तं करा." फॅक्टरीतून सुटलेल्या बाया रस्त्यात थबकल्या. एक म्हणाली, "आमचा जिन ह्या भोंग्यात कसा घुसला वं बाई?" दुसरी म्हणाली, "चाल न. दिवसभर आयकून आली, आता फुकटात बी आयकतं का?" एका मास्तरांनी मला थांबवून सांगितलं की या आवाजाने त्यांची दाढ दुखायला लागली. मी प्रत्येकाशी भांडलो, पण मनातून बरा होतो. कुणाचे कान दुखले, कुणाची दाढ. ऐकू तरी गेलं होतं.

आणि मग परीक्षण आलं. त्यातली वाक्यं मला आजही येतात; माझी इच्छा नसली तरी येतात. वकीलसाहेबांनी लिहिलं होतं की यंत्र वाजवायला निघालेल्या या मंडळींना यंत्राची धारसुद्धा पकडता आलेली नाही. सगळं मऊ, बोथट, रजईखाली ढोल वाजावा तसं. दुसरी बाजू तर मध्येच विझून जाते, रचनेला शेवटच नाही. आणि एकूण प्रकार म्हणजे लग्नातल्या वाजंत्र्याला कारखान्यात कोंडावं तसा.

फिटरमामांना मी वाचून दाखवलं. ते दोनदा म्हणाले, "मऊ? माहा पट्टा मऊ?"

क्लॅरिओनेटवाल्याने अंक हातात घेतला. त्याचं बोट एकाच शब्दावर थांबलं. "वाजंत्री" हा तो शब्द.  त्याने अंकाची घडी घातली आणि तो मला परत दिला.

मला राग आलाच होता, पण रागापेक्षा एक गोष्ट खुपत होती. कर्कश म्हटलं असतं तर समजलो असतो. गोंगाट म्हटलं असतं तर हलवाईही तेच म्हणत होता. पण मऊ? ज्या रेकॉर्डने मास्तरांची दाढ दुखवली ती या माणसाला मऊ कशी लागली? माल तोच आणि तक्रार उलटी, म्हणजे मधल्या रस्त्यात काहीतरी झालेलं असतं. एवढं दुकानदाराला कळतं.

रविवारी मी क्लॅरिओनेटवाल्याला घेऊन अमरावतीला गेलो. पिशवीत रेकॉर्डची दुसरी प्रत आणि ग्रामोफोनच्या पोलादी पिनांची नवी डबी होती. डबी सवयीने घेतली होती, हुशारीने नाही.

वकीलसाहेब घरीच होते. पांढरं स्वच्छ धोतर, चष्मा, बोलणं अगदी मृदू. अशा मृदू बोलणाऱ्या माणसांची मला लहानपणापासून चीड आहे. ती आपल्याला आवाज चढवायला लावतात आणि मग आपल्याकडे दयेने बघतात.

"बसा. आपण ते अकोल्याचे लाऊडस्पीकरवाले ना?"

"हो. आणि हे त्या रेकॉर्डमधले वाजंत्री," मी म्हटलं.

ते जरासे चपापले. "अहो, तो शब्द मी शैली म्हणून वापरला. कुणाला व्यक्तिशः..."

"साहेब," मी म्हटलं, "एक बार आमच्यासमोर लावून दाखवा न. तुमी आयकली तशी."

त्यांना नाही म्हणता येईना. कोपऱ्यात सुंदर ग्रामोफोन होता, वर कशिद्याचं कापड. त्यांनी ते हळूच काढलं, रेकॉर्ड मखमलीने पुसली. मग कपाटातून चांदीची करंड्यासारखी डबी काढली. मला वाटलं, आता पिन निघेल. निघाला काटा. बाभळीचा, वाळवलेला, टोक तिरकं तासलेलं. त्यांनी तो दागिना बसवावा तसा पिनेच्या जागी बसवला.

"पोलादी सुई मी माझ्या घरात येऊ देत नाही," ते अभिमानाने म्हणाले. "रेषा कुरतडते ती. बारा वर्षं झाली, मी फक्त काट्यावर ऐकतो. माझ्या ख्यालांच्या रेकॉर्डी अजून कोऱ्या आहेत."

आणि रेकॉर्ड लागली. खरं सांगतो, रजईखालचा ढोल हे वर्णन अगदी अचूक होतं. पट्ट्याची ठाप म्हणजे कुणीतरी उशीवर बुक्की मारतंय. माझी शिट्टी तर गायबच. दुसऱ्या बाजूला आमच्या मोठ्या आवाजाने काट्याचं टोक झिजून भुगा झालं आणि अर्ध्यावर नुसती खसखस उरली. साहेबांनी मान हलवली, बघा, मध्येच विझतं.

मी न विचारता उठलो, काटा काढून त्यांच्या चांदीच्या डबीत ठेवला, त्यांची प्रत उतरवून पिशवीतली लावली आणि माझी पोलादी पिन बसवली.

"अहो, अहो!"

"रेकॉर्ड माही हाये साहेब. कुरतडू द्या."

पहिली ठाप पडली तशी आतल्या खोलीत भांडं पडलं. वकीलसाहेब खुर्चीत मागे सरकले. मी त्यांच्याकडे पाहत होतो, गिऱ्हाईक मालाकडे बघतं तेव्हा मी बघतो तसा. पहिल्या बाजूला त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. दुसऱ्या बाजूला पट्टा मंदावू लागला, ठापा लांब पडू लागल्या, क्लॅरिओनेट त्या ठापांना धरून खाली येऊ लागलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. शेवटची ठाप झाल्यावरही ते तसेच बसले. त्यांना ऐकू आलं होतं. तेवढं श्रेय मी त्यांना देतो, पण त्याच्या पुढचं काहीच देत नाही.

"हे..." ते क्लॅरिओनेटवाल्याला म्हणाले, "हे शेवटचे स्वर तुम्ही एकाच श्वासात घेतलेत?"

"हो जी."

"मला हे ऐकूच आलं नव्हतं."

"मंग लिहा तसं," मी म्हटलं.

आता सौदा सुरू झाला. ते म्हणाले, पुढच्या अंकात दोन ओळी टाकतो. मी म्हटलं, पूर्ण स्तंभ. ते तीनवर आले. मग चार. कागद घेऊन त्यांनी तिथेच चार ओळी लिहून दाखवल्या, की फेरश्रवणात क्लॅरिओनेटवादकाचं कसब विशेष जाणवलं, शेवटच्या भागातला त्यांचा श्वासावरचा ताबा दाद देण्याजोगा आहे, वगैरे. त्यात वादक शब्द होता आणि पुढे पूर्ण नाव टाकण्यासाठी जागा सोडलेली होती. त्यांनी आमच्या माणसाला नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो त्या कागदाकडे बघत होता.

मी तिथे उठायला हवं होतं. पण समोरच्याने हात जोडले नव्हते.

"याच्यात काटा कुठी हाये?" मी म्हटलं.

"काटा?"

"तुमी काट्यावर आयकली म्हणून मऊ लागली, असं लिहा."

त्यांचा चेहरा बदलला. आणि तेव्हा मला कळलं की मी कशावर बोट ठेवलंय. बारा वर्षं हा माणूस कुठल्या ना कुठल्या गायकाबद्दल लिहीत होता की आवाजाला धार नाही, तार सप्तक बोथट आहे. लोकांच्या नावाला तो डाग कायमचा लागला होता. धार सगळी या चांदीच्या डबीने खाल्ली होती. काटा छापला की बारा वर्षांचे सगळे स्तंभ फुकट.

"त्याचा इथे संबंध नाही," ते म्हणाले.

"त्याचाच संबंध हाये."

"भाऊ," क्लॅरिओनेटवाला हळूच म्हणाला, "राहू द्या न. चार ओळी बऱ्या हायेत."

"तू गप राय. साहेब, काटा लिहा, नाईतं मी सांगतो गावभर. तुमचे बारा वर्सांतले गवय्ये घेऊन येतो तुमच्या दारात!"

हे मी जरा मोठ्याने म्हटलं असेन. आतून एक बाई डोकावून गेली. वकीलसाहेबांनी तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. फाडतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. मग म्हणाले, "नमस्कार," आणि हात जोडले. माझ्या उभ्या आयुष्यात जोडलेल्या हातांनी मला एवढं रिकामं कधी पाठवलं नव्हतं.

दुसरी रेकॉर्ड निघाली नाही. अमरावतीच्या दुकानदाराने पहिल्या रेकॉर्डीच्या पेट्या न उघडता परत पाठवल्या. क्लॅरिओनेटवाला महिनाअखेरीला बडनेऱ्याला हजर झाला. मी गावभर काटा सांगितला, पण लोकांना वाटलं हा रागाने बोलतोय, आणि मी रागानेच बोलत होतो.

पुढच्या वर्षी एक कारकून माझ्या दुकानात आला. अमरावतीहून कोर्टाच्या कामाला आला होता. म्हणाला, पोलादी पिनांच्या दोन डब्या द्या. मी म्हटलं, अमरावतीत मिळत नाहीत का? तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, तिथे घेऊ नको, अकोल्यातून आण." साहेब कोण म्हणून विचारलं, तर तेच वकीलसाहेब; बिचाऱ्याला दुकान कुणाचं ते ठाऊक नव्हतं. मी एका पैशाची सूट दिली नाही, एका शब्दाचीही नाही. बाकाखालच्या गठ्ठ्यातला अंक काढला, परीक्षणाचं पान वर येईल असं दुमडलं आणि त्यात डब्या बांधून दिल्या. तो दर दोन महिन्यांनी येऊ लागला. साहेबांनी ते पान पाहिलंच असणार. तरी माणूस येत राहिला, म्हणजे गरज केवढी असेल पाहा. आणि तिकडे साप्ताहिकात वकीलसाहेबांना एकाएकी धार ऐकू येऊ लागली. या गायिकेचं तार सप्तक लखलखतं, त्या सनईवाल्याचा स्वर पात्यासारखा. वऱ्हाडातले सगळे जण एका वर्षात सुधारले. फक्त आमच्याबद्दल पुन्हा अक्षर नाही.

एकदा कारकून आला तेव्हा क्लॅरिओनेटवाला दुकानात बसला होता. बडनेऱ्याहून सुट्टीवर आला होता, अंगावर रेल्वेचा निळा सदरा. मी डब्या बांधताना त्याने ते पान ओळखलं. कारकून गेल्यावर म्हणाला, "अजून पुरून राहिलं का ते?"

"लय हाये. पुरंन अजून. त्या वकिलाले दर खेपेले वाचाले देतो."

"मले चार ओळी पुरल्या असत्या भाऊ."

"अन् काटा? थो काटा दाबून टाकू द्यायचा का?"

"काट्याचं मले काय करायचं होतं? तो तुमचा होता. माहं नाव लिहिलं होतं त्यानं. चांगल्या अक्षरात."

मी म्हटलं, जाऊ दे, ती तुझी चाल वाजव, माईक लावतो, निदान मी तरी ऐकतो. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, पॅसेंजरची वेळ झाली. गाडीला अजून तास होता. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो उठून गेला.

मी वकिलाला आजही माफ केलेलं नाही. काट्यावर ऐकून माणसांची लायकी ठरवणारा तो माणूस होता, आणि पोलाद घरात आल्यावरही कबूल न करणारा. पण क्लॅरिओनेटवाला उठून गेला त्या दिवशी मी गठ्ठ्यातला एक अंक उघडून ते परीक्षण पहिल्यांदा शांतपणे वाचलं. मग कात्री घेतली आणि उरलेल्या सगळ्या अंकांतून "वाजंत्री" असलेली ती ओळ कापून काढली. संध्याकाळपर्यंत पुरलं ते काम. पुढच्या खेपेला कारकुनाला डब्या दिल्या त्या भोक पडलेल्या पानात बांधून. पान तेच होतं. वकीलसाहेबांना त्यातून त्यांचंच उरलेलं वाचू दे, म्हटलं.